फीमीची जीभ

माझ्या शेजारच्या मागावर फीमी गॉर्ले बावीस वर्षं तागाचं कापड विणत होती. गिरणीत एवढा खडखडाट, की आम्ही बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायचो. बाहेर पडलं की मात्र फीमीचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचायचा.

तिचा बाप अळशीचे धागे लोखंडी दातांच्या फणीने विंचरायचा. या विंचरणाऱ्यांना हेकलर म्हणत. सभेत पुढाऱ्यावर प्रश्नांची सरबत्ती करून त्याला भंडावणं, म्हणजे 'हेकलिंग', हे त्यांच्यावरूनच आलं, असं आम्ही डंडी शहरातली माणसं छाती फुगवून सांगतो. बापाची जीभ लेकीने पुरेपूर उचलली होती.

तिचा नवरा विल मात्र बोलताना अडखळायचा. फीमी हातातलं काम ठेवून थांबायची. शब्द कधी पुरवायची नाही. तो वारून तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या वर्षी नगरपालिकेला लॉरिमर नावाचे तरुण मास्तर उभे होते. सभेत फीमी उठलीच.

"साहेब, वस्तीच्या धुणीघरातला पाणी तापवायचा बंब कधीपासून फुटलाय? ठाऊक नाही? आमच्या जिन्यावर किती घरांत मिळून एक संडास? तेही नाही? मग स्वतःचं नाव तरी ठाऊक आहे का?"

सगळे खो खो हसले. मास्तर उठले. "मा... मा... मा..."

"मामाला हाक मारतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

फीमीचा चेहरा पांढराफटक पडला. गर्रकन वळून ती म्हणाली, "कोण रे तो? घरी बायकोपुढे तोंड उघडत नाहीस, आणि इथे वाघ? प्रश्न मी विचारलाय, उत्तर मला ऐकायचंय. गप बस!" मग मास्तरांना हळूच, "होऊ द्या सावकाश. आम्हाला काही घाई नाही."

वेळ लागला. "मला... ठाऊक नाही. धुणीघर मी पाहिलेलं नाही. दा... दाखवाल?"

"शनिवारी या. बाह्या वर करून."

मास्तर आले, गार पाण्याच्या बादल्या वाहून चिंब झाले. परतताना फीमी मला म्हणाली, "त्या लेकराला मी रक्त येईस्तोवर विंचरलं गं."

मास्तर थोडक्या मतांनी निवडून आले. नगरपालिकेत बंबाचा प्रस्ताव मांडायला त्यांना अकरा मिनिटं लागली. वर प्रेक्षकांच्या सज्जात फीमी मोजा विणत बसली होती. खाली एक सभासद मुद्दाम खोकला. तिने सुया थांबवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा कुणी खोकलं नाही.

वसंतात नवा बंब बसला.