त्रास नसलेल्यांची रांग

आजारी माणसांचे किस्से फारसे होत नाहीत. बिचारे गप असतात. किस्से साचतात ते ठणठणीत लोकांचे! आमच्या डॉक्टरसाहेबांनी आमच्या बूढापारा मोहल्ल्यात फुकट शिबिर ठेवलं, काहीच त्रास नसलेल्यांसाठी. पोटातला एक जंतू वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि एखाद्याला पुढे कॅन्सर देतो, म्हणून तो आधीच शोधायचा. तो श्वासावरून कळतो, म्हणून लोकांकडून पिशवीत फुंकून घ्यायचं थोर काम माझं.

*

पहिल्याच वहिनींनी मला झापलं. "तो शांत बसून आहे न? मग त्याले काहून डिवचून राहिले?"

*

नियम दोनच. उपाशी यायचं, आणि दोन आठवडे गॅसची गोळी बंद. गोळीने जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. हे ओरडून माझा घसा बसला.

"काका, काही खाल्लं?"

"काहीच नाही."

"नक्की?"

"हव! फक्त बासी घेतली."

रात्रभर पाण्यात भिजलेला भात, वाडगाभर! पण आमच्याकडे ते खाण्यात धरत नाहीत.

*

एक जोडपं आलं. नवरा गोल बाजारात रोज गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खाणारा, बायको बाहेरचं पाणीही न पिणारी. जंतू निघाला बायकोला! नवरा आता गुपचुप खायला छाती काढून जातो.

*

खरं तर साहेबांचा जीव अडकला होता वसंतरावांत. शाळेपासूनचे मित्र. वसंतरावांचा मोठा भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेला, कळलं तेव्हा उशीर झाला होता. पण हे तपासून घ्यायला तयार नाहीत. "मले काही होऊनच नाही राहिलं!"

शेवटी साहेब स्वतः स्कूटरवर बसवून घेऊन आले. वसंतरावांनी पिशवीत फुंकलं. रिपोर्ट साफ! साहेबांचे डोळे भरले. मलाही बरं वाटलं. वसंतरावांनी पेढे मागवले, एक तोंडात टाकला आणि खिशातून गोळी काढली.

"हे काय?" साहेब.

"गॅसची गोळी. भाऊ गेला तवापासून रोज घेतो. म्हणून तर त्रास नाही!"

"औषध घेता का, असं विचारलं होतं ना तुम्हाला?" मी किंचाळलेच.

"हे काय औषध आहे? चहाच्या आधी सगळेच घेतात. आज तर दोन घेतल्या, रिपोर्ट चांगला यावा म्हणून!"

साहेब मटकन खुर्चीत बसले. वसंतरावांनी काळजीने त्यांच्यापुढे गोळ्यांचं पाकीट धरलं.

"चेहरा काहून उतरला बे तुझा? गॅस झाला असन. घे एक!"

साहेबांनी गोळी घेतली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.