वेळेआधी न येणारी बाई

बसच्या धंद्यातलं ज्यांना कळत नाही त्यांना वाटतं, उशीर करणारा ड्रायव्हर सगळ्यात वाईट. साफ चूक! उशिरा आलेल्या बसला लोक शिव्या देतात, पण वेळेआधी निघून गेलेल्या बसला शाप देतात. टायमिंगबाईला विचारा. सत्तावीस वर्षं तिनं शहरात बस चालवली, पण एकाही थांब्यावर वेळेआधी पोचली नाही. आधी पोचेल असं वाटलंच, तर अलीकडच्या वळणावर वेग उतरवायची आणि काटा जागेवर आला की थाटात थांब्यात शिरायची. डेपोतला कंट्रोलर तिची बस बघून आपलं घड्याळ लावायचा. टायमिंगबाई हे नाव त्यानंच ठेवलं. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला!

सायकल तिच्या घरात आली ती अडगळ म्हणून. धाकट्या दिराची बदली झाली, नव्या घरात जागा नव्हती, म्हणून त्यानं आपली शर्यतीची सायकल वहिनीच्या बोळात आणून टेकवली. "दोनच महिने ठेवा हो वहिनी!" दोन महिन्यांचं वर्ष झालं. रोज पहाटे कामावर निघताना बाईच्या नडगीवर त्या सायकलचं पेडल बसायचं. शेवटी एका रविवारी ती भडकली. "नाहीतरी मार खातेच आहे, बसून तरी खाते!" म्हणत तिनं सायकल बाहेर काढली आणि थेट गावाबाहेरचा मोठा रस्ता गाठला.

तिथं सायकलवाल्यांची रांग लागली होती. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, वेळेची शर्यत. एकेकाला मिनिटाच्या अंतरानं सोडायचं, दहा किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. कुणाच्या पाठीमागं वारा चुकवत जायचं नाही. आपण आणि घड्याळ, बस्स. पुढच्या रविवारी बाईनं नाव दिलं.

पहिल्या रविवारी ती शेवटची आली. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी एकजण पंक्चर झाला म्हणून शेवटून दुसरी आली आणि दिवसभर गुणगुणत होती. "अहो, माझ्या मागं कुणी बसलेलंच नसतं!" ती नवऱ्याला सांगायची. "कुणी घंटी मारत नाही, दार उघडा म्हणून बोंबलत नाही. जन्मात पहिल्यांदा मी एकटीच कुठंतरी जाते हो!" नवरा सोफ्यांची कव्हरं शिवायचा. तोंडात टाचण्या असल्यामुळं त्याला नुसती मान हलवता यायची. पण त्यानं गुपचूप तिची सीट उसवून आत नवा स्पंज भरून दिला.

क्लबातल्या लोकांनी सल्ले दिले. कोपर आत घे, पाठ वाकव, सुरुवातीला जीव खाऊ नको, चाकात हवा भरपूर ठेव. बाईनं सगळं मन लावून केलं. पाय घट्ट झाले, चढावर धाप लागेनाशी झाली. पण वेळ? दर रविवारी सत्तेचाळीस मिनिटं. ना सेकंद इकडं, ना सेकंद तिकडं.

आणि मग क्लबचा सेक्रेटरी, जो एरवी चष्म्याचं दुकान चालवायचा, त्यानं जाहीर केलं की यंदा एकदा तरी पंचेचाळीस मिनिटांच्या आत आलेल्यालाच पुढच्या वर्षी शर्यतीत नंबर मिळेल. मागं राहणाऱ्यांसाठी वळणावरची माणसं उन्हात करपतात. त्याचंही खरंच होतं म्हणा. आता यंदाचा उरला होता एकच रविवार. त्या रात्री बाईनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. आणि बाईनं भाकरी ठेवली म्हणजे प्रकरण गंभीर. ती एक सकाळ तिच्या हातून जाणार होती, आणि तिला ती हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

बुधवारी सरावाला नवरा स्कूटरवरून तिच्या मागं गेला. परतीच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीजवळ रस्ता सपाट, वारा पाठीवर, बाई झकास सुटलेली. आणि एकदम तिनं पाय थांबवले, पाठ सरळ केली.

नवरा शेजारी आला. "काय गं, दमलीस?"

"छे! दमायला काय झालं?"

"मग पाय का थांबवलेस?"

बाईनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "दीड मिनिट आधी आले होते ना."

"कुठं आधी?"

बाईनं मागं वळून टाकीकडं बघितलं. पूल, शाळा, टाकी. पहिल्याच रविवारी तिनं मनातल्या मनात थांबे ठरवले होते, वेळा लावल्या होत्या, आणि तेव्हापासून ती इमानेइतबारे त्या पाळत होती. तिच्याच नकळत!

"अगं माझे आई," नवरा म्हणाला, "त्या टाकीखाली तुझी वाट बघत उभं कोण आहे?" आणि त्याला इतकं हसू लोटलं की स्कूटर बाजूला घ्यावी लागली. बाई आधी चिडली, मग हसली, मग म्हणाली, "सत्तावीस वर्षांची सवय हो. एका रविवारात जायची कशी?"

त्यानं हात पुढं केला. "घड्याळ काढ."

रविवारी ती घड्याळाशिवाय निघाली. चारचौघांत पदर ढळल्यासारखं वाटत होतं तिला. वळणापर्यंत ठीक गेलं. टाकी दिसली आणि मनगट आपोआप वळलं. तिथं घड्याळाखाली न रापलेल्या कातडीचा नुसता पांढरा पट्टा. पाय अर्धा फेरा अडखळले. "चल गं भवाने!" ती स्वतःवरच खेकसली. "थांब्यावर काळं कुत्रं नाही!" मग जी सुटली! मांड्या पेटल्या, श्वास घशात आला. आडव्या आलेल्या गाड्यांसाठी सत्तावीस वर्षं गिळलेल्या शिव्या एकेक करून बाहेर पडल्या. मान खाली घालून तिनं शेवटची रेघ ओलांडली, कशीबशी थांबली आणि लटपटत सायकल ढकलत मागं आली.

नवरा तिच्याकडं पाठ करून रस्त्यावर डोळे लावून उभा होता. मनगटावर तिचं घड्याळ. "मघाशी ती गेली ना मान खाली घालून," तो सेक्रेटरीला सांगत होता, "काय गेली हो! मी तर टाळ्याच वाजवल्या. आमची यायला अजून दोन-तीन मिनिटं आहेत. तिची वेळ पक्की असते."

सेक्रेटरीनं हातातल्या कागदाकडं बघितलं, त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. "त्रेचाळीस मिनिटं, दहा सेकंद."

"कुणाची?"

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात तिची."

नवरा वळला. बाई घामानं निथळत, सायकलला धरून कशीतरी उभी. त्यानं तिच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं.

"अगं, पण तुझी वेळ कुठं झालीय अजून!"

"मघाच्या टाळ्या मला ऐकूच आल्या नाहीत," बाई म्हणाली. "आता परत वाजवा."

त्यानं वाजवल्या. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.