इन्हिबिटर आणि बाबांचं मटण

शंभूची दवाखान्याची फाइल जाड होत गेली, तसे आमच्या घरातले किस्सेही वाढत गेले. मी फार बोलत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे साठलेत.

शंभू माझा भाऊ, सात वर्षांचा. त्याला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर गोठत नाही. त्यावर फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, इंजेक्शन असतं. पण त्याच्या शरीरानं त्या फॅक्टरशीच भांडण काढलं! त्याला इन्हिबिटर म्हणतात. मग औषध लागूच पडेना. डॉक्टर म्हणाले, "शरीराला सवय होईपर्यंत रोज फॅक्टर द्यायचा. घरीच द्यायला शिका."

*

कसबा बावड्यात आमचा गोठा आहे. म्हशींना इंजेक्शन बाबाच देतात. पण शंभूचा हात समोर आला आणि बाबा मटकन खाली बसले!

आई म्हणाली, "अहो, म्हशीला टोचताना बरं जमतंय!"

"म्हैस माझ्याकडं बघून हसत न्हाय की!"

*

मग आई शिकली. एका सकाळी तिची दोनदा शीर चुकली. शंभूच तिला म्हणाला, "सावकाश बघ. मी कुठं पळून चाललोय?"

तिसऱ्यांदा सुई बरोबर लागली. शाळेची रिक्षा मात्र पळून गेली!

*

खंडेनवमीला बाबांनी पूजेला विळा, दुधाच्या किटल्या आणि मोटरसायकल मांडली. शंभूनं गुपचूप सिरिंजचा डबा आणून ठेवला. गारगोटीची आत्या हळदकुंकू घेऊन पुढे सरकली.

आई ओरडली, "वन्सं, पाकीट फोडू नका! आतलं स्टराइल हाय!"

"मग देव बाहेरनंच बघील की!" म्हणत आत्यानं डब्यावर फूल ठेवलं.

*

बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "इन्हिबिटर जाईस्तोवर माझं मटण बंद!" कोल्हापुरात! रविवारी गल्लीभर रश्श्याचा वास, आणि बाबा खिडकी लावून आमटी-भात खाणार.

मटणवाल्या दाजींनी विचारलं, "माळ घातली काय?"

"माळ न्हाय. पोरगं हाय."

*

परवा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "इन्हिबिटर निगेटिव्ह! औषध आता लागू पडतंय."

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा फोन काढत उठून बाहेर गेले. दाराआडून त्यांचा आवाज आला, "दाजी, दोन किलो! व्हय, आजच!"

आत येऊन ते डॉक्टरांना म्हणाले, "संध्याकाळी जेवायला यायचं. तांबडा-पांढरा!"

डॉक्टर हसले. "मी मटण खात नाही हो."

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"कुणासाठी सोडलंय, डॉक्टर?"