सुबोधरावांचा बिनपाहुण्यांचा रस्ता

आमच्या भवानी पेठेतले सुबोधराव निवृत्त झाले आणि सायकलच्या मागे लागले. दुधनीला जाऊन दिवस मावळायच्या आत परतणाऱ्याला दरवर्षी सायकल क्लबाचं पदक असायचं, पण यांना ते काही मिळेना. वाटेतल्या गावागावात पाहुणे, आणि चहाला न थांबता पुढं गेलं की जन्माचा रुसवा.

"पदक दुकानातनं आणा की," इंद्रायणीवहिनी टोमणा मारायच्या.

शेवटी सुबोधरावांनी आडवाटेचा रस्ता शोधला. कधीकाळचा लाव्हा थिजून झालेला नुसता काळा कातळ, ना झाड ना घर. "आता बघू कोण चहा पाजतंय!" मला डोळा मारून म्हणाले.

यंदा दुधनीहून परतताना गडी वाऱ्यासारखा सुटला. अर्ध्या वाटेवर, पहाटे जाताना बंद असलेल्या खडी क्रशरची धूळ उडत होती. त्या धुळीतनं हाक आली, "अवो व्याही! तसंच निघाला व्हय?"

लेकीच्या चुलतसासऱ्यानं तिथं खडीचा धंदा काढला होता! लेकीचं सासर म्हटल्यावर ब्रेक दाबावाच लागला. चहा झाला, जेवण झालं, टॉवेल-टोपीचा आहेरही झाला.

पदक अर्थातच हुकलं. दिवेलागणीनंतर हेल्मेटवर पांढरी टोपी चढवून सुबोधराव पेठेत शिरले. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "टॉवेल कुठाय? तितं विसरला असाल तर उद्या परत जावं लागंल की."