शैलोबेकचा तळहात

शैलोबेकला मी पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी काराकोलमध्ये इतका बर्फ पडला होता की बाजारातले दुकानांचे कंटेनर दिसतच नव्हते. दिसत होती ती नुसती त्यांची धुरांडी, आणि लोक धुराचा वास घेऊन दुकानं ओळखत होते. कोळशाचा धूर म्हणजे बुटांचं दुकान, शेणीचा म्हणजे लोकरीचं, आणि जळक्या वायरीचा म्हणजे शैलोबेक. बंद पडलेला कॉम्प्युटर आजारी मेंढीसारखा कवेत धरून मी त्या तिसऱ्या धुरात शिरलो. आत एक माणूस बसला होता. त्याच्या भुवया अशा की दोन चिमण्यांनी त्यात हिवाळा काढला असता आणि घर मोठं पडतं अशी तक्रार केली असती. मला पाहून त्याने एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा संपेपर्यंत माझ्या बुटांवरचा बर्फ वितळून त्याचं तळं झालं होतं. मग त्याने माझ्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय उपसून काढला, तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, हा झोपला. बाहेर एक लग्नाची वरात येऊन गेली, तरी तो तसाच.

"हलका आहे," शेवटी तो म्हणाला. मी आभार मानायला हात पुढे केला, तर तोही त्याने दोनदा वरखाली करून पाहिला. "हाही हलकाच. मास्तर आहेस का?"

मी भूगोलाचा मास्तर होतो. अजूनही आहे. पुढे कळलं की तो आमच्याच गल्लीत, माझ्या शेजारच्याच घरात राहायला आला आहे. त्यानंतरची अकरा वर्षं ते सुस्कारे मी कुंपणापलीकडून ऐकले.

शैलोबेक दुकान उघडतानाच दमलेला असे. त्याला दमवलं होतं लोकांनी. गेमिंग कॉम्प्युटर बांधायला निघालेली माणसं त्याच्याकडे यादी घेऊन येत. महागातलं ग्राफिक्स कार्ड, काचेची पेटी, सात रंगांत फिरणारे पंखे, आणि यादीच्या तळाशी, जागा उरलीच तर, "पॉवर सप्लाय, कुठलाही." भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा पत्र्याचा डबा तो, त्याला कुणी विचारत नसे.

"नवरदेवाला बुटांपासून टोपीपर्यंत सगळं नवं," शैलोबेक म्हणायचा, "आणि बसायला घोडा आणलाय तो मागून, कुणाचा तरी, लंगडा."

लोक हसायचे आणि लंगडा घोडाच घेऊन जायचे. महिन्याभराने जळका डबा घेऊन परत यायचे. शैलोबेक "मी सांगितलं होतं" असं कधी म्हणत नसे. ते म्हणायलाही ताकद लागते. तो फक्त सुस्कारा सोडायचा.

आमच्याकडे हिवाळ्यात निम्मं गाव विजेवर घर तापवतं. संध्याकाळी सहाला सगळे हीटर एकदम लागले की दोनशे वीस व्होल्टचे एकशे सत्तर होतात, दिव्याचा रंग उकडलेल्या गाजरासारखा होतो आणि फ्रिज म्हाताऱ्यासारखा खोकायला लागतो. अशा विजेवर कॉम्प्युटर चालवायचा तर डबा जातिवंत लागतो. तो निवडायची शैलोबेकची एकच रीत होती. त्याचा बाप चाळीस वर्षं रविवारच्या जनावरांच्या बाजारात मेंढ्या पारखायचा. तिथे मेंढीला वय विचारत नाहीत, की तिचे दात बघून वेळ घालवत नाहीत. शेपटीखाली हात घालायचा, चरबीचा गोळा उचलायचा, कळतं. शैलोबेकने ती विद्या डब्यांना लावली होती. चांगल्या डब्यात तांबं जास्त, लोखंड जास्त, म्हणून तो जड. वाईट डबा आतून रिकामा. वीस वर्षं हा हिशेब चुकला नाही. तूप गावाहून, बालिकचीहून लोक डबे पिशवीत घालून त्याच्या तळहातावर ठेवायला आणत.

घरात मात्र त्याला कोणी काही विचारत नसे. बायको सहा वर्षांपासून येकातेरिनबुर्गला साफसफाईच्या कामावर होती. मुलगी कुंदुझ औषधांच्या दुकानात उभी राहायची आणि घरी आली की कानाला हेडफोन लावायची. तेवीस वर्षांची पोर, दोन वर्षं एकेक भाग जमवून कॉम्प्युटर बांधत होती. ग्राफिक्स कार्ड आईने रशियाहून पाठवलं होतं, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून. चार मित्रांबरोबर तिचा संघ होता. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ त्यांचा पात्रता सामना होता. तो जिंकला तर बिश्केकला अंतिम फेरी, राहणं-जेवण त्यांचं, आणि निवडलेल्या खेळाडूंना वर्षभर पगार. नियम एकच कडक होता. कुणाचा कॉम्प्युटर दहा मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिला, तर अख्खा संघ बाद.

सगळं जमलं होतं. डबा तेवढा राहिला होता.

"पापा," ती म्हणाली, "डबा तुम्ही निवडा."

हे त्याने मला कुंपणावरून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तर सुस्कारा सोडायलाही विसरला.

रविवारी आम्ही तिघं बाहेर पडलो. मला का नेलं ते माहीत नाही. बहुधा साक्षीदार म्हणून. नव्या इमारतीत एल्दियार नावाच्या सव्वीस वर्षांच्या दुकानदाराने एक डबा पुढे ठेवला. शैलोबेकने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"ह्यात काय, वारा भरलाय?"

"आबा, आता भाग हलके झालेत," एल्दियार म्हणाला. "लेबल वाचा. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. आपल्याकडे दिवा विझायला आला तरी हा चालेल. पूर्ण भार टाकून तपासल्याचे आकडेही आहेत, दाखवू?"

"लेबल काय, कुणीही छापतं. वजन छापून दाखव."

"आबा, तुम्ही डबा घेताय, मेंढी नाही."

"मेंढी कधी जळत नाही, बाळा."

कुंदुझने त्या हलक्या डब्याकडे दोनदा पाहिलं. बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे मग तो सापडला. काळा, जाडजूड, वर सोनेरी अक्षरात हजार वॅट. शैलोबेकने डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला त्या शेपटीचा रस्सा दिसायला लागला. मी लेबल वाचलं. बारीक अक्षरात 'दोनशे ते दोनशे चाळीस' लिहिलं होतं. मी ते बोलून दाखवलं.

"मास्तर," तो म्हणाला, "तू नकाशे वाच."

बुधवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला, सात रंगांत फिरला, शैलोबेकने त्यावर कुस्तीची अख्खी स्पर्धा पाहिली. गुरुवारी संध्याकाळी कुंदुझ खेळायला बसली. सव्वासहाला खट्ट. पुन्हा लावला, पुन्हा खट्ट.

"पापा, डबा बदलू या. एल्दियारचा आणू. अजून दोन दिवस आहेत."

शैलोबेकने भिंतीतल्या विजेला मीटर लावला. एकशे अडुसष्ट. "डबा बदलून काय होणार? भिंतीतच काही नाही. उपाशी मेंढी बदललीस म्हणून गवत उगवत नाही."

ती गप्प बसली. आपण विचारायला गेलो, त्याने निवडला, आता परत कसा करायचा, असा तो गप्पपणा होता. मला तो कुंपणाअलीकडेही कळला.

आणि मग शैलोबेकने जे केलं ते आमच्या गल्लीच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं. त्याने अशर बोलावला. अशर आमच्याकडे घर बांधायला बोलावतात, भिंत घालायला, बटाटे काढायला. अख्खी गल्ली येते, फुकट राबते, यजमान पोटभर जेवायला घालतो. विजेसाठी अशर कुणी ऐकला नव्हता. शैलोबेकचं धरून गल्लीतली बारा घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर होती. शुक्रवारी दिवसभर शैलोबेक दारोदार फिरला. शनिवारी सहा ते नऊ सगळ्यांनी हीटर बंद ठेवायचे आणि माझ्या घरी यायचं, कारण कोळशाची भट्टी फक्त माझ्याकडे उरली होती. माझी बायको बुरमाकान हिला हे सगळ्यात शेवटी कळलं.

ओसोरबायच्या घरी विजेवरचं न्हाणीघर होतं, शनिवारचं गरम स्नान त्याने वीस वर्षांत चुकवलं नव्हतं. त्याच्याकडे मी बरोबर गेलो.

"किती वेळ म्हणालास?"

"तीन तास."

"आणि पोरगी काय करणार?"

"गोळ्या झाडणार."

"कोणावर?"

"तालासच्या संघावर."

ओसोरबायने बराच विचार केला. "तालासवर असतील तर ठीक आहे," तो म्हणाला. त्याची सासुरवाडी तालासची होती.

शनिवारी साडेपाचला माझ्या दोन खोल्यांत एकेचाळीस माणसं होती. अंगावर कोट, मांडीवर पोरं, मधोमध बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा डोंगर. बुरमाकान तळत होती आणि प्रत्येक घाण्याबरोबर माझ्याकडे एकदा बघत होती. सहाला शैलोबेक मीटर घेऊन आला. "दोनशे चौदा," त्याने सांगितलं. एवढी वीज आमच्या गल्लीने डिसेंबरात कधी पाहिली नव्हती. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने तळवे वर करून कुंदुझला आशीर्वाद दिला, कॉम्प्युटरलाही दिला, आणि एकेचाळीस जणांनी तोंडावरून हात फिरवून ओमीन म्हटलं.

शैलोबेक मग दोन्ही घरांच्या मध्ये येरझाऱ्या घालायला लागला. कुंदुझजवळ उभं राहायची हिंमत नव्हती, आमच्यात बसवत नव्हतं. दर वेळी दारात येऊन बातमी सांगायचा. "पहिली फेरी जिंकली." "दुसरी हरली." "तिसरीत पुढे आहे." सात वाजून वीस मिनिटांनी तो दारात आला आणि चौकटीला धरून उभा राहिला.

"वीज गेली?" ओसोरबायने विचारलं.

"नाही. दोनशे सोळा आहे."

आम्ही सगळ्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. दिवा लख्ख होता.

कुंदुझने चार वेळा लावून पाहिला. खेळात गर्दी वाढली, कार्डाने वीज मागितली, की खट्ट. दहा मिनिटं संपली तेव्हा ती स्वतः डबा काढून घेऊन आमच्याकडे आली आणि बोरसोक बाजूला सारून तो टेबलावर ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात स्क्रू पिळायचं हत्यार होतं.

"सील तुटलं की परत घेणार नाहीत," शैलोबेक हळूच म्हणाला.

"तुटू दे, पापा."

झाकण निघालं. आत बोटभर सर्किट, चार बारीक वायरी, आणि काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला एक गोळा. कुंदुझने पट्टी सोडवली. सिमेंट होतं. नीट ओतून, घोटून, कडा गुळगुळीत केलेलं. कुणीतरी मन लावून काम केलं होतं.



"म्हणजे," बुरमाकान कढईजवळून म्हणाली, "कारखान्यातल्या लोकांनाही कळलं होतं की लोक हातावर तोलतात."

शैलोबेकने तो गोळा तळहातावर घेतला. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. इतकी वर्षं ज्या खुणेवर तो लोकांना वाचवत आला, ती खूण कुणीतरी शिकून घेतली होती आणि त्याच्याच मुलीला विकली होती, आणि मधला दलाल तो स्वतः होता. सुस्कारा येईल म्हणून मी वाट बघत होतो. आला नाही.

"माझी चूक," तो म्हणाला. "तुझं ऐकायला हवं होतं. त्या पोराचंही."

"तुम्ही अकरा घरं फिरलात, पापा."

"फिरलो."

"बसा. चहा घ्या."

ओसोरबायने घड्याळात पाहिलं, पावणेआठ झाले होते. स्नान अजूनही उरकता आलं असतं, पण तो उठला नाही. कुणीच उठलं नाही. शब्द नऊपर्यंतचा दिला होता. नऊपर्यंत सगळे तिथेच बसले, चहा पीत, सिमेंटचा तो गोळा हातोहात फिरवत. ज्याच्या हातात येई तो एकदा वरखाली करून पुढे देई.

सोमवारी शैलोबेक स्वतः एल्दियारकडे गेला आणि तो हलका डबा घेऊन आला. लेबल त्याने चष्मा लावून दुकानातच दोनदा वाचलं, मोठ्याने, आणि एल्दियारने मध्ये एकही विनोद केला नाही. त्या डब्यावर कॉम्प्युटर एकशे पासष्ट व्होल्टलाही कुरकुर न करता चालायचा. गिऱ्हाइकांना शैलोबेक आता "वाचून घ्या" एवढंच सांगतो. काही जण तरीही डबा त्याच्या हातावर ठेवतात. तो परत देतो.

पुढची पात्रता फेरी वर्षाने होती. हिवाळा सरेपर्यंत संघातले तिघं रशियाला कामाला गेले होते. कुंदुझने मार्चअखेर कॉम्प्युटर तोकमोकच्या एका माणसाला विकला आणि ती येकातेरिनबुर्गला आईबरोबर साफसफाईच्या कामाला लागली.