स्पिरिट वाळेपर्यंत

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. ही घटना मात्र सगळीच्या सगळी आठवते.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. गावातल्या एका खासगी दवाखान्यात आठ दिवसांत चार रुग्णांना सलाईन चालू असताना थंडी वाजून ताप भरला. तिघे सावरले. चौथे, सत्तरीचे शेतकरी, दगावले. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर कुणीतरी नाव न सांगता खबर दिली. "साहेब, तिथल्या सिस्टरच्या बापाचं आन् म्हाताऱ्याचं बांधावरून वैर हाय. तिनंच सलाईनमधी काहीतरी घातलं. बराबर चौकशी करा."

वैर खरं निघालं. चौघांच्याही वेळी ड्यूटीवर तीच होती. म्हाताऱ्यांचा मुलगा रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा आणि अटक कधी करता, एवढंच विचारायचा. त्याचा राग मला समजत होता. पण बांधाचं भांडण एकाशी आणि ताप चौघांना, हे काही जुळेना. निनावी खबर देणारे स्वतःच्या सोयीचं तेवढंच सांगतात.

बाटल्या आणि औषधं जप्त केली, पंचनामा केला, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्यांत काहीही सापडलं नाही.

महिला पोलिसासमोर सिस्टरचा जबाब घेतला. तीन तास मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. "म्या काय बी घातलं न्हाई साहेब. इंजेक्शन द्यायच्या आधी दर वेळी नळीचं झाकण स्पिरिटनं घासते. मनात पंधरा मोजते." खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. हिने एक शब्द वाढवला नाही. मी वैतागलो, कारण ती खरं बोलत होती आणि तरी माणूस गेला होता.

शेवटी म्हटलं, सांगू नको, करून दाखव. सरकारी रुग्णालयातल्या एका अनुभवी मेट्रनबाईंना बोलावलं आणि टेबलावर सलाईनची नळी मांडली. या नळीला इंजेक्शन देण्यासाठी एक रबरी झाकण असतं. सिस्टरने ते स्पिरिटच्या कापसाने घासलं, पंधरा मोजले, मास्क हनुवटीवर ओढला, झाकणावर हलकी फुंकर मारली आणि सिरिंज लावली.

"थांब," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता काय केलंस?"

"काय केलं?"

"परत कर."

तिने परत केलं आणि परत फुंकर मारली. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"अगं, स्पिरिट आपोआप वाळू द्यायचं असतं. फुंकरीनं तोंडातले जंतू झाकणावर बसतात आणि औषधाबरोबर थेट रक्तात जातात." मेट्रनबाईंनी फायलीतले रुग्णांच्या रक्ताचे अहवाल उलटले; त्यांतही तोंडात राहणारेच जंतू आले होते.

सिस्टरचा चेहरा उतरला. "ताप सुरू झाला त्याच आठवड्यात मी हितं लागले. आधी लेकरांच्या वॉर्डात होते. स्पिरिट झोंबलं की लेकरं रडायची, मंग फुंकर मारायचे. सवय कवा लागली, कळलंच न्हाई."

मी अहवालात घातपात नाही, हेतू नाही, गुन्हा ठरावा असा निष्काळजीपणाही नाही असं लिहिलं आणि तज्ज्ञांचा अभिप्राय जोडला. मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्यासाठी गेला का माझा बाप?" त्यानंतर तो ठाण्यात आला नाही.

आम्ही पोलीस आधी वैर शोधतो, मग पुरावा. मायेने लागलेली सवयही माणसाचा जीव घेऊ शकते, हे मला या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर कुणाला दोषी धरण्याआधी मी त्याला काम करताना बघू लागलो.

सिस्टरला मी बोलावून सांगितलं, तुझ्यावर गुन्हा नाही, घरी जा. ती सुटकेचा निःश्वास सोडेल असं मला वाटलं होतं. ती उठलीच नाही.

"साहेब, मंग त्या आजोबाला म्याच मारलं ना?"

जन्मभर मी लोकांचं खोटं पकडत आलो होतो. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत बघून मी "नाही" म्हणालो. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.