दिवेलात बुडालेला फितरा

हसू नका, असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त तोंडातला चहा आधी गिळा. मागच्या खेपेला हाच किस्सा सांगत होतो तर आमच्या साडूंच्या नाकातून आला होता.

तर माझा एक गाढवपणा. रमजान ईदच्या आदल्या दिवशीचा.

इब्राहिमभाई आणि मी रेल्वेत तीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. तो बडोद्यात मांडवीला राहतो, मी इथेच अकोट्याला. रिटायर झालो, पण भांडायला आठवड्यातून एकदा भेटतोच. त्या दिवशी सकाळी दहाला त्याची स्कूटर आली. आला आणि माझ्या दारात सात कापडी थैल्या ओळीनं मांडल्या.

"काय रे, दुकान काढलंस?"

"फितरा है, गुप्ते. हमीदाबेन को देना है."

फितरा म्हणजे काय, ते सांगतो. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे दोनेक किलो गहू, नाहीतर त्याची किंमत, गरजू माणसाला द्यायचीच. मर्जीचा सवाल नाही! ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, एवढाच हेतू. हल्ली बरेच लोक पैसेच देतात. पण इब्राहिमभाईचे वडील गहू द्यायचे, म्हणून हाही गहूच देतो. घरात माणसं सात, म्हणून थैल्या सात. सातवी त्याच्या आठ दिवसांच्या नातवाची. पोराला अजून मान सावरता येत नाही, पण त्याच्या नावाचं दान तयार!

हमीदाबेन आमच्या नाक्यावर इस्त्रीचं टेबल लावतात. नवरा नाही, तीन मुलं. त्या दिवशी त्या छाणीला बहिणीकडे गेल्या होत्या, संध्याकाळी यायच्या होत्या.

"इधर से ले जाएगी. मैंने फोन कर दिया है," इब्राहिमभाई म्हणाला. "तुझे बस देना है. और कुछ नहीं करना."

"कळतं रे मला."

"और सुन, नमाज के पहले पहुंचना चाहिए. बाद में दिया तो फितरा नहीं गिना जाता."

"अरे, तीस वर्षं मालगाड्या वेळेवर सोडल्या मी!"

"एक भी नहीं छोड़ी," असं म्हणून तो नातवंडांचे कपडे घ्यायला गेला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी नुसता पेपर वाचत बसलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीही नसतं. पण माणसाच्या हातांना काम नसलं की ते काम शोधतात.

आमची ही गेली होती पुण्याला मुलीकडे. आणि नेमका वर्षाचे गहू भरायचा मोसम. आता आम्ही बडोद्याचे मराठी लोक. पुरणपोळी आमची, पण गहू भरायचे ते गुजराती पद्धतीनं, दिवेल लावून. दिवेल म्हणजे तुमचं एरंडेल. हातावर जरासं घ्यायचं आणि गव्हाला चोळायचं, मग वर्षभर कीड लागत नाही. हिनं जाण्याआधी सगळे गहू दिवेल लावून कोठीत भरले होते. उरलेला दिवेलाचा कॅन स्वयंपाकघरात होता. जाताना मला बजावून गेली, "मी येईपर्यंत गव्हाकडे बघायचंसुद्धा नाही."

मी माझ्या गव्हाकडे बघितलं नाही! इब्राहिमभाईच्या बघितलं.

थैली उघडून पाहिली, तर गहू कोरडा ठणठणीत. माझ्या मनात आलं, बिचाऱ्या हमीदाबेन! चौदा किलो गहू न्यायच्या, उन्हाळा तोंडावर, महिन्यात पोरकिडे होणार. मग ते दिवेल लावत बसणार कधी? इस्त्री सोडून? म्हटलं, दोस्ताच्या पुण्याईत आपलाही हात लागू दे.

बोला, यात वाईट काय होतं?

हॉलमध्ये प्लास्टिक अंथरलं. सातही थैल्या ओतल्या. छान ढीग झाला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर बसलो मांडी ठोकून, अगदी लग्नातल्या आचाऱ्यासारखा. कॅन उचलला आणि जरासा तिरका केला.

आता मला सांगा, पाच लिटरच्या कॅनला एवढं मोठं तोंड ठेवायची काय गरज असते?

आधी काही आलंच नाही. म्हणून अजून तिरका केला. तरी नाही. मग हलवला. आणि मग जे आलं, ते थांबेचना! गहू बुडाला. प्लास्टिकवरून ओघळ निघाला तो थेट सोफ्याखाली. मी कॅन सरळ केला, तोवर तो अर्धा झाला होता.

घाबरायचं नाही, म्हटलं. पुसू. दोन टॉवेल घेतले आणि गहू पुसायला लागलो. तुम्ही कधी गहू पुसलाय? एकेक दाणा? पुसू नका. टॉवेल तेलकट झाले, मग चादर घेतली. चादरीनंतर, खोटं कशाला बोलू, हिचा एक जुना गाऊन घेतला. गहू तसाच.

मग गच्चीवर नेऊन उन्हात पसरला. तिथं कबुतरं आली. म्हटलं, झालं, आता हीच संपवतात! दहा-बारा उतरली, एकानं दाणा चोचीत धरला, टाकला, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळी उडून गेली. फुकटचा गहू कबुतरांनी नाकारला, तेव्हा मात्र मी हार मानली. गहू परत खाली आणून हॉलमध्येच ओतला.

चार वाजले होते. हमीदाबेन सहाला येणार. सकाळी नमाज. सात माणसांचा फितरा माझ्या हॉलमध्ये पोहत होता.

फोन लावला. बाजारातला गोंगाट ऐकू येत होता.

"इब्राहिमभाई, एक सहज शंका. समज, एखाद्यानं फितऱ्याच्या गव्हाला दिवेल लावलं, तर चालतं का?"

"गुप्ते, क्या किया तूने?"

"मी नाही रे. समज, एखाद्यानं."

"कितना डाला?"

"थोडं."

"थोड़ा मतलब?"

"कॅन हलका झालाय."

"या अल्लाह! अरे, उसकी रोटी खाई तो हमीदाबेन के बच्चे ईदगाह नहीं, सीधे दवाखाने जाएंगे! तीस रोजे मैंने रखे और जुलाब गरीब को दूं?"

खरंच खूप वाईट वाटलं हो. महिनाभर उपास करून माणूस एक थैली विश्वासानं ठेवून जातो, आणि आपण शहाणपणा करतो! शेवटी म्हटलं, "माझ्या कोठीतला गहू देऊ का? तुझ्या नावानं? त्याला बायकोनं दिवेल लावलंय. म्हणजे बरोबर लावलंय."

"मेरी तरफ से दे दे, इजाजत है. वो तेरा गेहूं अब मेरा, और वो तेलवाला तेरा." मग म्हणाला, "भाभी को पूछा?"

"नाही."

"अल्लाह तेरी हिफाजत करे."

कोठी उघडली. थैल्यांना जराही तेल लागू नये म्हणून हात साबणानं तीनदा धुतले, सात थैल्या भरल्या, वजन केलं, प्रत्येकीत मूठभर जास्तच घातला. दाराशी ओळीनं मांडल्या. कोठीत हा एवढा खड्डा! पण फितरा तयार होता.

सहाला बेल वाजली. मी आनंदानं दार उघडायला धावलो.

धावलो, हीच चूक. हॉलमधला ओघळ मी विसरलोच होतो. दाराची कडी काढली तोवर माझे पाय माझ्या आधी पुढे गेले, आणि हमीदाबेनसमोर मी बैठक मारली ती थेट त्या तेलकट ढिगात. अंगभर गहू चिकटला. बनियन तेलानं पारदर्शक झालेला. शेजारी हिचा गाऊन.

"हाय हाय साहेब! लगा तो नहीं?"

"नाही नाही. त्या बघा, तुमच्या थैल्या. इब्राहिमभाईकडून. मोजून घ्या."

त्यांनी थैल्या पाहिल्या. मग मला पाहिलं. मग परत मला पाहिलं.

"बेन कहां हैं?"

"पुण्याला. आठ दिवस झाले."

"खाना?"

"खिचडी."

"आठ दिवस?"

मी मान हलवली. उठायला गेलो, घसरलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घसरलो. शेवटी लाज सोडून, आधार द्या म्हणून, हात त्यांच्याकडे पुढे केला.

हमीदाबेनचे डोळे भरून आले. त्यांनी पटकन सातांतली एक थैली उचलली, माझ्या हातात ठेवली, वरून माझी मूठ मिटली आणि हळूच म्हणाल्या, "शरमाना नहीं, साहेब. नमाज के पहले ही दे रही हूं."